कॉलेज, फुटबॉल आणि ग्रीक अक्षरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकन कॉलेजांची पत्रं आली की आमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळातल्या पालकांचे आणि मुलांचे प्रश्न सुरू होतात. पुण्या-नाशकाहूनही मेल येतात. घोळ बहुतेक एकच असतो: दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, एकीकडे लाख माणसांचं स्टेडियम आणि अगम्य अक्षरांच्या पाट्या लावलेली घरं, दुसरीकडे दोन हजार मुलांचं शांत कॉलेज. खरी मजा कुठे? मी तीस वर्षांपूर्वी मिडवेस्टमधल्या एका भल्यामोठ्या विद्यापीठात एमएस केलं, मुलगी तशाच ठिकाणी शिकली, मुलगा छोट्या कॉलेजात. त्यामुळे उत्तरांत माझा कल दिसणारच.

१. ग्रीक लाइफ म्हणजे नेमकं काय? ग्रीसशी काही संबंध आहे का?

संबंध फक्त अक्षरांपुरता. १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही मुलांनी एक गुप्त मंडळी काढली आणि तिला फाय बीटा कॅपा ही तीन ग्रीक अक्षरं दिली. पुढे १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कॅपा अल्फा निघाली आणि तिथून आजच्या पद्धतीच्या संघटनांची रांग लागली. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. संस्था देशभराची असते, कॉलेजातल्या तिच्या शाखेला चॅप्टर म्हणतात. बऱ्याच चॅप्टरांचं स्वतःचं घर असतं. तिथे काही मुलं राहतात, बाकीची जेवायला आणि बैठकांना येतात. भरतीचा मोसम म्हणजे रश, निवडीचं पत्र म्हणजे बिड आणि उमेदवारीच्या काळातला नवखा तो प्लेज. एवढे चार शब्द आले की मुलांचं फोनवरचं बोलणं कळायला लागतं.

२. खेळ तर आपल्याकडच्या कॉलेजांतही असतात. तिथे एवढं काय वेगळं?

आकार. वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं बसतात. अ‍ॅन आर्बरमधल्या मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, म्हणजे तीन वानखेडे एकात रिकामे केले तरी जागा उरेल. आणि हे सगळं कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला! (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडचा नव्हे.) कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, रटगर्स ६-४ ने जिंकलं. त्यानंतर दीडशे वर्षांत त्याचं जे झालं त्याला खेळ म्हणावं की जत्रा, हा प्रश्नच आहे.

हे फक्त पुरुषांच्या फुटबॉलचं वेड आहे असंही समजू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल सामना फुटबॉलच्या मैदानावर ठेवला आणि ९२,००३ लोक आले.

मात्र सगळी कॉलेजं या पंगतीत नसतात. कॉलेजच्या खेळांच्या तीन श्रेणी असतात; डिव्हिजन वन म्हणजे मोठा मांडव. डिव्हिजन थ्रीमध्ये मुलं मनापासून खेळतात, पण खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि गर्दी म्हणजे आईबाप, रूममेट आणि एखादा कुत्रा. माझ्या मुलाच्या कॉलेजातला कुत्रा प्रत्येक सामन्याला असायचा.

३. सामन्याच्या शनिवारी नेमकं काय चालतं?

माझा पहिला शनिवार सांगते. सकाळी आठला खिडकीखालून ड्रमचा आवाज आला आणि झोपेत क्षणभर वाटलं, पथक निघालं. खाली आले तर पार्किंगमध्ये गाड्यांचे मागचे दरवाजे उघडे, शेगड्या पेटलेल्या, सत्तरीचे आजोबा विद्यापीठाच्या रंगाची चट्ट्यापट्ट्यांची विजार घालून सॉसेज परतताहेत. याला टेलगेट म्हणतात. मी शाकाहारी. एका अनोळखी बाईंनी भाजलेलं कणीस हातात दिलं, लिंबू-तिखट नव्हतं, लोणी होतं. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो "कुठून आलीस?" हा नव्हता, त्यांनी विचारलं, "जिंकू का आपण आज?" त्या देशात येऊन मला तीन आठवडे झाले होते. त्या "आपण"ने माझं काम केलं.

आत गेल्यावर विद्यार्थ्यांचा भाग साडेतीन तास उभाच असतो. टेक्सास ए अँड एममध्ये तर विद्यार्थ्यांनी पूर्ण सामना उभं राहायचं हा दंडकच आहे: संघात अकरा, बारावे आम्ही. पर्ड्यू विद्यापीठाचा बँड १९२१ पासून एक अजस्र ढोल चाकांवर घालून मैदानात आणतो आणि तो जगातला सगळ्यात मोठा असल्याचं अभिमानाने सांगतो. (आपल्या पथकांनी यावर काय ते बोलावं.) आयोवा विद्यापीठात २०१७ पासून सामन्याचा पहिला चतुर्थांश संपला की अख्खं स्टेडियम पाठ फिरवून शेजारच्या मुलांच्या रुग्णालयाकडे हात हलवतं, वरच्या मजल्यावर आजारी मुलं काचेला नाक लावून उभी असतात. नियम कळत नसले तरी हे सगळं कळतं.

फक्त हिशेब लक्षात ठेवा. नियमित मोसमात बारा सामने, त्यातले घरचे साधारण सहा-सात. म्हणजे वर्षातले सहा-सात शनिवार. उरलेल्या दिवसांचं काय, ते प्रश्न ५ मध्ये.

४. आमची मुलगी मॅच लागली की खोलीत निघून जाते. तिचं तिथे कसं होणार?

मजेत होईल. सामन्याच्या दिवशी लायब्ररीत जितकी शांतता असते तितकी एरवी कधी नसते. गाडी मात्र बाहेर काढू नये.

५. मग सरळ सांगा, मोठे खेळ आणि ग्रीक लाइफ असलेल्या कॉलेजात मुलं जास्त सुखी असतात का?

आकडे आधी. २०१४ मध्ये गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठाने तीस हजारांहून जास्त पदवीधरांना विचारून एक पाहणी केली. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या ग्रीक सदस्यांपैकी ४३ टक्के कामात मनापासून गुंतलेले निघाले, बाकीच्यांपैकी ३८ टक्के. फरक आहे, पण उर बडवण्याइतका नाही. ईशान्येकडच्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवर युनियन कॉलेजच्या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात फ्रॅटर्निटीमुळे जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, सुमारे ०.२५ ने घसरतो आणि पुढचं उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं. कॉलेज एक आणि मुलं मुळातच ओळखीपाळखीच्या घरांतली, हे विसरून हा आकडा कुणाच्या तोंडावर फेकू नका. खेळाबद्दल ओरेगन विद्यापीठातला अभ्यास मजेशीर आहे: फुटबॉल संघ जितका जिंकतो, तितके मुलांचे गुण मुलींच्या तुलनेत घसरतात. कारण सांगायला नकोच.

पण त्या गॅलपच्या पाहणीतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. शिकण्याची गोडी लावणारा प्राध्यापक, आपली माणूस म्हणून काळजी करणारा शिक्षक आणि पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक, तिन्ही मिळाले असं ठामपणे म्हणणारे फक्त १४ टक्के होते. आणि ज्यांना ते मिळाले, त्यांना पुढे कामात जास्त रस वाटत होता. त्याच्याशी कॉलेज मोठं की लहान, नामवंत की साधं, याचा फारसा संबंध लागला नाही.

माझं मत विचाराल तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकात कालवतात. फुटबॉल हा गणपती आहे: वर्गणी भरा, दर्शन घ्या, नाचा, घरी या. कुणी तुमची परीक्षा घेत नाही. ग्रीक लाइफ हे एकत्र कुटुंब आहे: जेवण, आधार, भांडणं, आत कोण आणि बाहेर कोण, सगळं आलं. गणपतीला जायला विचार करावा लागत नाही. कुटुंबात जाण्याआधी घर बघून यावं. आणि कॉलेज पाहायला जाल तेव्हा तिथल्या मुलांना "मजा येते का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "रविवारी रात्री जेवायला दिसला नाहीस तर कोण विचारेल?" हे विचारा. उत्तराला किती वेळ लागतो ते बघा.

६. पण या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात ना? मोठी टीम तिथे फ्रॅट असणारच.

अलाबामासारख्या ठिकाणी येतात, म्हणून तसं वाटतं. पण नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल देशभर गाजतो आणि तिथे फ्रॅटर्निटी, सोरोरिटी नाहीत, सगळी निष्ठा वसतिगृहाशी. ह्यूस्टनचं राइस विद्यापीठ डिव्हिजन वनमध्ये खेळतं, तिथेही ग्रीक नाही. प्रत्येक मूल विद्यापीठातल्याच एका निवासी कॉलेजात, म्हणजे वसतिगृहाच्या गटात, आपोआप जातं. (केनेडींनी १९६२ मध्ये चंद्रावर का जायचं हे सांगणारं भाषण राइसच्याच फुटबॉल स्टेडियमवर केलं आणि त्यात "राइस टेक्सासशी का खेळतं?" असा चिमटाही काढला.) उलट एमआयटीचे खेळ बहुतेक डिव्हिजन थ्रीमध्ये, पण फ्रॅटर्निटी भरपूर, नदीपलीकडे बॉस्टनमध्ये त्यांची जुनी विटांची घरं आहेत. विल्यम्स कॉलेजने १९६० च्या दशकात आणि कोल्बी कॉलेजने १९८४ मध्ये फ्रॅटर्निटी बंदच केल्या.

शिकागो विद्यापीठाची गोष्ट तर सांगायलाच हवी. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइसमन पुरस्कार पहिल्यांदा, १९३५ मध्ये, त्यांच्या खेळाडूने घेतला आणि चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, विद्यापीठाने मोठा फुटबॉल बंद केला. ओस पडलेल्या स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ ला जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली गेली. फुटबॉल तिथे १९६९ मध्ये परत आला, पण घरगुती स्वरूपात.

७. खर्च किती येतो? फीमध्ये धरलेला असतो का?

ग्रीक लाइफचा धरलेला नसतो. सदस्यत्वाची वर्गणी, म्हणजे ड्यूज, संस्था आणि कॉलेजप्रमाणे सत्राला काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जाते. पहिल्या वर्षी नव्या सदस्याची वेगळी फी लागते. त्यावर टी-शर्ट, समारंभाचे कपडे, भेटवस्तू. घरात राहायचं तर राहणं-जेवणं त्यात येतं आणि कधीकधी ते डॉर्मपेक्षा, म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहापेक्षा, स्वस्तही पडतं, म्हणून पूर्ण वर्षाचा आकडा लेखी मागा.

खेळाचा खर्च छुपा असतो. टेक्सास किंवा ओहायो स्टेटसारख्या श्रीमंत ठिकाणी खेळ स्वतःच्या कमाईवर चालतात. मधल्या फळीतल्या अनेक सरकारी विद्यापीठांत मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमध्ये अ‍ॅथलेटिक फी म्हणून शेकडो डॉलर धरलेले असतात, मूल सामन्याला जावो न जावो. त्यात २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळे खेळाडू मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ते कुठून येणार याचा विचार करा आणि फीचं विवरण ओळीओळीने वाचा.

८. रशमध्ये होतं काय? आणि नाकारलं तर?

मोठ्या दक्षिणी विद्यापीठांत मुलींचा रश वर्ग सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये, आठवडाभर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. एका घरातून दुसऱ्या घरात, प्रत्येक ठिकाणी ठरलेली काही मिनिटं, हसून बोलायचं. रोज संध्याकाळी दोन्हीकडून पसंतीच्या याद्या आणि सकाळी यादी आखडलेली. कांदेपोह्यांचा कार्यक्रम दिवसातून दहादा, असं समजा. मुलांचा रश त्या मानाने सैल असतो: या, बर्गर खा, गप्पा मारा. काही कॉलेजं पहिल्या सत्रात रश करूच देत नाहीत. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

नकार लागतो. माझ्या मुलीच्या मजल्यावरची एक मुलगी चौथ्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती, "मी काय चुकीचं बोलले?" हेच विचारत होती. काहीच चुकीचं बोलली नव्हती. दोन हजार मुलींना पाच-पाच मिनिटांत पारखायचं तर कपडे, शहर आणि आधीची ओळख यांवरच पारख होते. घरी फोन आला तर सल्ला देऊ नका, ऐका. तीच मुलगी नोव्हेंबरात रोइंगच्या संघात होती.

९. आपल्या मुलांना घेतात का? रंगाचा, आडनावाचा प्रश्न येतो का?

आज बहुतेक ठिकाणी घेतात. पण इतिहास स्वच्छ नाही आणि फार जुनाही नाही. अलाबामा विद्यापीठाच्या पारंपरिक सोरोरिटींनी कृष्णवर्णीय मुलींना डावलल्याचं तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्राने छापलं ते २०१३ मध्ये. दारं बंद होती म्हणूनच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संघटना उभ्या केल्या: कॉर्नेलमध्ये १९०६ ला अल्फा फाय अल्फा, हॉवर्ड विद्यापीठात १९०८ ला अल्फा कॅपा अल्फा. मार्टिन ल्यूथर किंग पहिलीचे सदस्य, कमला हॅरिस दुसरीच्या. तिथे सदस्यत्व आयुष्यभराचं मानतात आणि पदवीनंतरही काम चालू राहतं.

दक्षिण आशियाई मुलांच्याही संघटना आहेत: बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये निघालेली आयोटा नू डेल्टा, ऑस्टिनला १९९८ मध्ये निघालेल्या डेल्टा एप्सिलॉन साय आणि मुलींची कॅपा फाय गॅमा. इथे आईच्या डब्यातल्या थेपल्यांचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. पण "आपल्याच मुलांची आहे, म्हणजे सुरक्षित" असं धरून चालू नका. पुढचा प्रश्न यांनाही लागू आहे.

१०. हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच ना?

भाऊबंद आहेत, पण एक मोठा फरक आहे. रॅगिंग तुमच्यावर येऊन आदळतं. हेझिंगमध्ये मूल आपणहून रांगेत उभं असतं, आत जायचंय म्हणून सहन करतं आणि बाहेर बोलत नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, अमेरिकेत असे कायदे राज्याराज्यांचे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेटमध्ये बीटा थीटा पायच्या घरात १९ वर्षांच्या नव्या सदस्याला भराभर दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला. घरातल्या कॅमेऱ्यांत दिसलं, त्याप्रमाणे जवळपास बारा तास कुणी मदत बोलावली नाही. तो वाचला नाही. विद्यापीठाने तो चॅप्टर कायमचा बंद केला, पेनसिल्व्हेनियाने कायदा कडक केला. डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवरही कायदा आला: आता कॉलेजांना हेझिंगच्या घटना मोजाव्या लागतात आणि कोणती संघटना दोषी ठरली ते जाहीर अहवालात द्यावं लागतं. बिड स्वीकारण्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवर तो अहवाल शोधा आणि चॅप्टरचं नाव आहे का बघा.

मुलाला एवढंच सांगून ठेवा: कुणी फोन काढून घेतला किंवा "हे घरी सांगायचं नाही" म्हणालं, की तिथून निघायचं. आणि हे फक्त फ्रॅटमध्ये होतं असं नाही; बँडमध्ये आणि खेळांच्या संघांतही झालंय.

११. दारूचं काय? मुलगा एफ-१ व्हिसावर आहे.

कायद्याचं वय २१, देशभर. सोरोरिटींच्या मोठ्या राष्ट्रीय मंडळातल्या घरांत दारूला बंदी असते, म्हणून पार्ट्या फ्रॅटच्या घरी होतात. म्हणजे जागा, दारू आणि दारावरचा माणूस तिन्ही मुलांच्या ताब्यात. मुलींच्या आयांनी ही रचना नीट समजून घ्यावी.

व्हिसावरच्या मुलाने पिऊन गाडी चालवली आणि नुसती अटक झाली, शिक्षा नाही, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. अमेरिकन मित्राला जो दंड भरून सुटता येईल असा प्रसंग, तो याला घरी पाठवू शकतो. मात्र मित्र बेशुद्ध पडला तर ९११ ला फोन करायचाच. बऱ्याच राज्यांत मदत बोलावणाऱ्याला वयाच्या गुन्ह्यातून सूट मिळते.

१२. मी एमएसला चाललोय. हे सगळं माझ्यासाठी आहे का?

ग्रीक लाइफ जवळजवळ नाहीच, ते पदवीच्या मुलांचं. खेळ मात्र पुरेपूर. विद्यार्थी तिकीट बहुतेक ठिकाणी तुम्हालाही मिळतं. ड्यूक विद्यापीठात तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा स्वतंत्र सोहळा आहे: बास्केटबॉलचं मैदान फक्त ९,३१४ जणांचं, म्हणून सप्टेंबरात एका वीकेंडला बाहेर उघड्यावर तंबूत तळ ठोकायचा, रात्री-अपरात्री भोंगा वाजला की हजेरी द्यायची आणि शेवटी सोडतीत नाव आलं तर मोसमाची तिकिटं विकत घेण्याचा हक्क. प्रयोगशाळेत वर्षभर एकमेकांशी न बोललेले पीएचडीवाले त्या तंबूत मित्र होतात.

१३. मुलीला फाय बीटा कॅपाचं पत्र आलंय. आम्ही नाही म्हणून कळवलं. बरोबर केलं ना?

अरे देवा. ताबडतोब परत कळवा! ती आता फ्रॅटर्निटी नाही, गुणवत्तेचा मान आहे. इंजिनिअरिंगमधली टाऊ बीटा पायही तशीच. अल्फा फाय ओमेगा ही सेवाकार्याची संघटना, डेल्टा सिग्मा पाय ही बिझनेसच्या विद्यार्थ्यांची. ग्रीक अक्षरं दिसली की पार्टी, असं नसतं.

१४. हे दोन्ही नको असेल तर मुलं एकमेकांना भेटतात कुठे?

जिथे रोज जावं लागतं तिथे. पर्ड्यूमध्ये संगीताचा पदवी अभ्यासक्रमच नव्हता, तरी त्यांचा बँड शेकडो मुलांचा. त्यात इंजिनिअर ठासून भरलेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये वाद्यांशिवाय हिंदी गाणी गाणारा पेन मसाला निघाला. रास-गरबा आणि भांगड्याच्या आंतरकॉलेज स्पर्धांसाठी मुलं सेमिस्टरभर रात्री अकरा ते एक तालीम करतात. (त्यांचाही जीपीए घसरतो, त्यावर कुणी अभ्यास करत नाही.) प्रश्न ५ मधला रविवारच्या जेवणाचा प्रश्न यांच्याबद्दलही विचारून बघा.

१५. मुलगी सोरोरिटीत गेलीय आणि आता तिला बाहेर पडायचंय. पडता येतं?

येतं, पण तारखा बघा. बिडवर सही केली आणि दीक्षाविधीच्या आत सोडलं, तर त्याच कॉलेजात मोठ्या मंडळातल्या दुसऱ्या सोरोरिटीत जायला पुढच्या मुख्य रशपर्यंत थांबावं लागतं. दीक्षाविधी झाला असेल तर त्या मंडळातल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत कधीच जाता येत नाही. घरात राहण्याचा करार केलेला असेल तर सदस्यत्व सोडूनही वर्षाचं भाडं मागू शकतात. तो कागद आधी काढा. राजीनामा लेखी द्या, प्रत ठेवा, राष्ट्रीय कार्यालयालाही पाठवा. डॉर्ममध्ये मधल्या सत्रात जागा मिळते का हे हाउसिंग ऑफिसला विचारून ठेवा, थँक्सगिव्हिंगच्या आधी. नंतर जागा उरत नाहीत.